सांगतील तसं

बालवाडीच्या मोठ्या गटातली मुलं पाच-साडेपाच वर्षांची. अक्षरांवर हात बसलेला नसतो. त्यामुळे या वयात कविता लिहिणं म्हणजे मुलांनी सांगायचं आणि ताईनं उतरवून घ्यायचं. खरं कसब या उतरवून घेण्यातच आहे.

विषय पावसाचा होता. 'पाऊस कसा वाजतो?' म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात 'टपटप' म्हणतो, कारण बडबडगीतांतून तेच तोंडात बसलेलं असतं. म्हणून मी मुलांना डोळे मिटायला सांगते. मग स्टीलचं ताट, पत्र्याचा डबा, प्लॅस्टिकची पिशवी आणि जुना पेपर, एकेकावर तांब्यातलं पाणी शिंपडते. आधी खसखस पिकते, मग कान टवकारले जातात.

'ताई, ताटावर तो रागावलाय.'

'पिशवीवर कुणीतरी फुटाणे भाजतंय.'

पेपरवर पाणी पडलं तेव्हा बराच वेळ कुणीच काही बोलेना. घाई लागलेली असली तरी अशा वेळी ताईनं तोंड उघडायचं नाही, एवढं पथ्य मी पाळते. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, 'इथं पाऊस पडतुया, पन बोलत न्हाई.'

मी ते कार्डशीटवर ठळक स्केचपेननं लिहिलं, ती म्हणाली तस्संच. पहिल्याच दिवशी वाक्य 'शुद्ध' करून लिहिलं, तर मूल दुसऱ्या दिवशी ताईला आवडेल तेच बोलू लागतं.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर प्रत्येक मुलाला विचारत, आज तुला कोणता शब्द हवा? तो कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. भीतीचे, मायेचे, घरातल्या माणसांचे शब्द मुलं चटकन वाचू लागत, हे त्यांनी 'टीचर' या १९६३ सालच्या पुस्तकात लिहून ठेवलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. मुलांची बोलीही त्याच अंगणातली असते, ती दाराबाहेर ठेवून कविता कशी यायची?

यमक मी सुरुवातीला लांबच ठेवते. यमकामागे लागलेलं मूल पाऊस विसरतं. यमकाचा खेळ मुलांना फार आवडतो, पण त्याला वेगळा तास द्यावा.

वाक्यं जमली की मी ती मोठ्यानं वाचते. श्वास थांबेल तिथं मुलं टाळी वाजवतात, आणि टाळी पडली की मी ओळ तोडते. मग विचारते, यातलं परत काय म्हणायचं? यावर मात्र कडाक्याचं भांडण होतं. त्या दिवशी फुटाण्यांची बाजू जोरात होती, तरी न बोलणारा पाऊस जिंकला आणि शेवटी पुन्हा आला. कागद मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी मदतनीस ताई तो वाचून दाखवत होत्या. शेवटची ओळ आधी येऊन गेलेलीच, म्हणून त्यांनी ती गाळली. ती मुलगी उठली, भिंतीपाशी गेली आणि नेमकं त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, 'ताई, ह्ये ऱ्हायलं.'

तिला अजून 'प' काढता येत नव्हता.