पालकांची आस्था आणि मुलांचे शिक्षण: रिसालीच्या निमित्ताने

भिलाईच्या रिसाली भागातील मराठी घरांत मूल घरी मराठी, बाहेर हिंदी व छत्तीसगढी आणि बहुधा शाळेत इंग्रजी ऐकते. एवढ्या भाषांनी त्याचा गोंधळ उडतो, म्हणून घरची मराठी सोडावी, असे पुष्कळांना वाटते. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला भाषिक परस्परावलंबनाचा सिद्धांत, म्हणजे एका भाषेत कमावलेली वाचनाची व विचार मांडण्याची क्षमता दुसऱ्या भाषेतही कामी येते हे तत्त्व, या समजुतीच्या विरोधात जाते. आईवडिलांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीपेक्षा त्यांची भरघोस मराठी मुलाला अधिक देते.

शाळेत न फिरकणारे पालक बेफिकीर असतात, हा समज शिक्षकांतही रुजलेला आहे. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या दहा कुटुंबांचा अभ्यास करून ग्वादालुपे वाल्देस यांनी १९९६ मध्ये दाखवले, की शिकवणे हे शिक्षकाचे आणि वळण लावणे हे घराचे काम, अशी या पालकांची धारणा होती. शाळेने मात्र त्यांच्या अदबीलाच अनास्था ठरवले. गृहपाठाला शेजारी बसणे हीच खरी मदत, हेही तितकेसे खरे नाही. नॅन्सी हिल व डायाना टायसन यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा किशोरवयीन मुलांच्या यशाशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो शिक्षणाचे मोल आणि पुढच्या वाटा यांविषयी घरात होणाऱ्या बोलण्याचा. असे बोलणे कमी शिकलेल्या आईलाही जमते.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की चांगले पालकत्व केवळ इच्छेवर अवलंबून असते. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याने कायम कामगारांना निश्चित पगाराबरोबर क्वार्टर, दवाखाना आणि शाळा दिल्या. कंत्राटी मजुराच्या वाट्याला यांतले फारसे काही आले नाही. जोनाथन पॅरी यांनी भिलाईवरील २०२० च्या ग्रंथात या दोन वर्गांतील दरी सविस्तर मांडली आहे. ज्याला संस्कारांतील फरक म्हटले जाते, तो पुष्कळदा नोकरीच्या शाश्वतीतील फरक असतो, कारण दहा वर्षांपुढचा विचार करायला निदान पुढच्या महिन्याची खात्री लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले. पण समितीची बैठक कामाच्या वेळेत ठेवली, तर रोजंदारीवरील पालकाला तिथे बसण्यासाठी मजुरी बुडवावी लागते.