डिकीवाली गाडी कुणी घालवली?

"सेडान आता घेतं कोण?" गोरेगावात लिंक रोडवरच्या शोरूममध्ये किंवा सोसायटीच्या गेटवर नव्या गाडीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. पुरावे तयारच असतात. होंडाची सिव्हिक 2020 मध्ये गेली, टोयोटाची कोरोला आल्टिसही त्याच वर्षी, यारिस 2021 मध्ये, ह्युंदाईची एलांट्रा 2022 मध्ये आणि मारुतीची सियाझ 2025 मध्ये. कारणंही ठरलेली असतात: रस्ते खराब, लोकांना मोठी गाडी हवी, एसयूव्ही जास्त सुरक्षित, पावसाळ्यात पाण्यातून जाते. या प्रत्येक कारणात थोडंसं तथ्य आहे, म्हणूनच त्यातला चुकीचा भाग वर्षानुवर्षं टिकून राहतो. घरानंतरचा सर्वांत मोठा खर्च ऐकीव गोष्टींवर होऊ नये, म्हणून हा लेख.

"सेडान कुणी घेतच नाही"

2018 साली देशात सर्वाधिक खपलेली गाडी मारुतीची डिझायर होती. ती सेडानच. 2024 मध्ये तो मान टाटाच्या पंचकडे गेला आणि 2025 मध्ये दोन लाखांहून अधिक विक्री करून डिझायर पुन्हा पहिली आली. यात टॅक्सीसाठी गेलेल्या गाड्याही आहेत हे खरं. पण ज्या प्रकाराचं नाव देशाच्या यादीत पहिलं येतं, त्याला संपलेला म्हणता येत नाही.

संपत आली आहे ती चार मीटरहून लांब, दहा ते पंचवीस लाखांच्या टप्प्यातली सेडान. सियाम या उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार 2024-25 मध्ये विकलेल्या सुमारे 43 लाख प्रवासी गाड्यांपैकी जवळजवळ 65 टक्के 'युटिलिटी' वर्गातल्या होत्या. मात्र या वर्गात एर्टिगा आणि इनोव्हा येतात, तशा पंच आणि फ्रॉन्क्ससारख्या उंच हॅचबॅक वाटाव्यात अशा गाड्याही येतात. 65 टक्के लोकांनी डोंगर चढणारी गाडी घेतली, असा त्या आकड्याचा अर्थ नाही.

"लोकांची आवड बदलली, कंपन्या तिच्यामागे गेल्या"

हा सगळ्यांत खोलवर रुजलेला समज. तो तपासायचा तर 2006 च्या अर्थसंकल्पापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी लहान गाड्यांवरचं अबकारी शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं. लहान म्हणजे लांबी 4,000 मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं 1,200 किंवा डिझेलचं 1,500 सीसीपर्यंत. पुढे 2008 मध्ये हे शुल्क 12 टक्क्यांवर आलं. या एका मोजपट्टीने भारतातल्या गाडीचा आकार ठरवला.

सेडानला तीन खण लागतात: पुढे इंजिन, मध्ये माणसं, मागे डिकी. चार मीटरमध्ये हे तिन्ही कोंबायचे तर काहीतरी कापावंच लागतं. 2008 ची डिझायर 4,160 मिलिमीटर लांब होती आणि तिची डिकी 440 लिटरची. 2012 मध्ये ती 3,995 मिलिमीटरवर आणली, तेव्हा डिकी उरली 316 लिटरची. टाटाने हे आधीच, 2008 मध्ये, इंडिगो सीएसमध्ये केलं होतं. तिसरा खण काढून टाकला आणि गाडी वर उचलली, तर मात्र तेवढ्याच लांबीत ऐसपैस वाटणारी गाडी होते. नियमात लांबीला मर्यादा आहे, उंचीला नाही. फोर्डची इकोस्पोर्ट (2013), मारुतीची ब्रेझा (2016), टाटाची नेक्सॉन (2017) आणि ह्युंदाईची व्हेन्यू (2019) या सगळ्या त्याच मोजपट्टीत बसवलेल्या गाड्या आहेत.

ज्या सेडानला हा नियम सर्वांत महाग पडला, ती महाराष्ट्रातलीच. महिंद्र आणि रेनॉ यांच्या भागीदारीतली लोगन 2007 मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. आत प्रशस्त, दणकट, जगात इतरत्र यशस्वी ठरलेली गाडी. लांबी 4,247 मिलिमीटर. अवघ्या 247 मिलिमीटरपायी, म्हणजे वीतभर लांबीपायी, तिची डिझेल आवृत्तीही 16 ऐवजी 24 टक्क्यांच्या गटात गेली आणि स्वस्तात मोठी गाडी देण्याचं तिचं गणितच मोडलं. 2010 मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली, 2011 मध्ये गाडीचं नाव व्हेरिटो झालं आणि 2013 मध्ये शेपूट कापून 3,991 मिलिमीटरची व्हेरिटो वाइब आणली गेली. तोवर उशीर झाला होता.

याच लोगनच्या मूळ सांगाड्यावर रेनॉने डस्टर बांधली आणि 2012 मध्ये चेन्नईच्या कारखान्यातून ती भारतात आणली. तीही चार मीटरहून लांब होती, तरी उचलली गेली. तेव्हा आवड बदलली नाही असं मी म्हणणार नाही. उंच बैठक आणि रुबाबदार नाकाडं लोकांना भावलं, हे डस्टरने दाखवून दिलं. पण डस्टरच्या वेळीही नियमाने हात दिला. 2013 च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं शुल्क 27 वरून 30 टक्के झालं. रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये जास्त जागा व्यापणाऱ्या गाड्यांनी जास्त कर भरावा, असं कारण तेव्हा अर्थमंत्र्यांनी दिलं होतं. मात्र व्याख्येत तीन अटी एकत्र होत्या: चार मीटरहून जास्त लांबी, 1,500 सीसीहून मोठं इंजिन आणि 170 मिलिमीटर किंवा अधिक ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची. डस्टरचं डिझेल इंजिन 1,461 सीसीचं. ती सुटली.

वस्तू आणि सेवा कर आल्यावरही हेच चाललं. 2023 मध्ये जीएसटी परिषदेने मोठ्या एसयूव्हींवरच्या 22 टक्के उपकरासाठी याच तीन अटी पुन्हा स्पष्ट केल्या. ह्युंदाईच्या क्रेटा या एसयूव्हीचं इंजिन 1,500 सीसीच्या आत असल्याने ती वरना आणि सिटी या सेडानइतकाच, एकूण 45 टक्के कर भरत राहिली. 22 सप्टेंबर 2025 पासून उपकर गेला; लहान गाड्यांना 18 आणि बाकीच्यांना 40 टक्के असे दोनच टप्पे उरले. चार मीटरची रेघ मात्र जिथल्या तिथे आहे. आपल्या राज्याचा वाहन करही आकार पाहत नाही. पेट्रोल गाडीला किमतीनुसार 11, 12 किंवा 13 टक्के लागतात, मग ती कोणत्याही आकाराची असो.

कंपन्यांचं गणित याच्या जोडीला आहे. मारुतीची फ्रॉन्क्स त्याच कंपनीच्या बलेनो या हॅचबॅकवरून घडवलेली आहे. चाकांमधलं अंतर तेच, 1.2 लिटरचं इंजिन तेच. 2023 मध्ये फ्रॉन्क्स आली तेव्हा तिची किंमत साडेसात लाखांच्या आसपास सुरू झाली, बलेनोची साडेसहा लाखांच्या. एका सांगाड्यावर दोन-तीन गाड्या काढून उंच असलेलीला जास्त किंमत मिळत असेल, तर कारखान्यातली जागा आणि जाहिरातीचा पैसा कुठे जाईल हे वेगळं सांगायला नको. मग सेडानचं नवं मॉडेल लांबतं, जुनं कंटाळवाणं होतं, खप घसरतो आणि तो घसरलेला खप 'लोकांना नको आहे' याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. अमेरिकेत फोर्डने एप्रिल 2018 मध्ये जवळजवळ सगळ्या सेडान बंद करण्याचं जाहीर केलं, तिथेही कायद्याचा हात होता. 'लाइट ट्रक' या वर्गाला तिथे इंधन वापराचे नियम सैल आहेत आणि बऱ्याच एसयूव्ही त्यात बसतात.

गोरेगावहून दोन स्टेशनं पुढे, कांदिवलीच्या आकुर्ली रोडवर महिंद्रचा जुना कारखाना आहे. या कंपनीकडे आज एकही सेडान नाही. जीपपासून गाड्या बनवायला सुरुवात केलेल्या कंपनीला ते साजेसं आहे. पण लोगनला ती वीतभर लांबी भोवली नसती, तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला वाटतं.

"एसयूव्ही म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह"

क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन, पंच, व्हेन्यू: भारतात विकल्या जाणाऱ्या या सगळ्यांच्या पेट्रोल-डिझेल आवृत्त्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. त्यांची बांधणीही सेडानसारखीच एकसंध असते. वेगळी चासी असलेल्या थार आणि स्कॉर्पिओ-एन हा निराळा वर्ग.

"रस्ते खराब, म्हणून उंच गाडी, आणि जागाही जास्त"

चाकणच्या कारखान्यात एकाच सांगाड्यावर स्कोडाची स्लाव्हिया ही सेडान आणि कुशाक ही एसयूव्ही बनते. दोघींच्या चाकांमधलं अंतर 2,651 मिलिमीटर. स्लाव्हियाचं ग्राउंड क्लिअरन्स 179 मिलिमीटर, कुशाकचं 188. फरक नऊ मिलिमीटरचा, म्हणजे एका सेंटीमीटरहूनही कमी. डिकी पाहिली तर स्लाव्हियाची 521 लिटर आणि कुशाकची 385. गणपतीला गावी जाताना चार जणांच्या बॅगा कुठे मावतील, हे आकडे सांगतात. जुन्या, खाली बसलेल्या सेडानचं पोट गतिरोधकाला घासायचं हे खरं आहे, पण त्या अनुभवावरून आजच्या गाडीची परीक्षा करू नये.

"उंच गाडी सुरक्षित"

2016 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. सेडानमध्ये स्लाव्हिया, व्हर्टस आणि वरना यांना 2023 मध्ये पाच तारे मिळाले, नव्या डिझायरला 2024 मध्ये. तेव्हा तारे ठरतात ते सांगाडा, एअरबॅग आणि पट्टा यांवर. उंचीने उलट एक धोका वाढतो: गुरुत्वमध्य वर गेल्याने अचानक वळणात गाडी उलटण्याची शक्यता जास्त. दुसरा धोका बाहेरच्याला. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या 2023 च्या अभ्यासात 40 इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिल्यास मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त आढळली. गोरेगाव स्टेशनबाहेर फेरीवाले, रिक्षा आणि शाळेतली मुलं एकाच रस्त्यावर चालतात. तिथे याचा विचार व्हायलाच हवा.

"पाण्यातून जाते"

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांत सगळ्या आकारांच्या गाड्या बुडाल्या. गाडी बंद पडते ती हवा ओढणाऱ्या तोंडातून पाणी आत गेलं की. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी पिस्टनला दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थारसारख्या गाडीला कंपनी 650 मिलिमीटर पाण्याची मुभा देते, शहरातल्या क्रॉसओव्हरला ती लागू होत नाही. शिवाय साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत. इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम पाहून घ्या.

एसयूव्हीचा खरा फायदा बैठकीच्या उंचीचा. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना वाकून आत शिरावं लागत नाही, आणि हे कारण पुरेसं आहे. पण मोतीलाल नगरपासून दिंडोशीपर्यंत पुनर्विकास सुरू आहे आणि नव्या इमारतींत स्टॅक पार्किंग येतं आहे. त्यातले बरेच पाळणे दीड मीटरच्या जरा वरच्या उंचीचे, म्हणजे सेडानपुरते असतात. डिझायर 1,525 मिलिमीटर उंच आहे, क्रेटा 1,635, स्कॉर्पिओ-एन 1,857. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी बिल्डरकडून किंवा सोसायटीच्या सचिवांकडून आपल्या पाळण्याची उंची, रुंदी आणि वजनाची मर्यादा लेखी घ्या. मग आईला सोबत नेऊन दोन्ही प्रकारच्या गाड्यांत बसवा, डिकीत स्वतःच्या बॅगा ठेवून पाहा आणि विक्रेत्याला त्या आवृत्तीचे तारे विचारा. सेडान या कसोटीला उतरली, तर ती बिनदिक्कत घ्या.