कलकत्त्याच्या माकडापासून पुण्याच्या लशीपर्यंत

हिवतापाचा इतिहास आपल्याकडे रोनाल्ड रॉस आणि डास यांच्यापाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात माणसाच्या हिवतापाचा परजीवी पाहिला, हे शाळेत शिकवतात. त्या परजीवीचा डासातला पूर्ण प्रवास त्यांनी पुढच्या वर्षी कलकत्त्यात उलगडला तो पक्ष्यांच्या हिवतापावरून, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. माणसाचा रोग समजून घेण्यासाठी दुसऱ्या प्राण्याचा आधार घ्यावा लागणे, हे या विषयात पहिल्यापासून चालत आले आहे. त्यातला माकडांचा भाग मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. मी या शास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. जुने शोधनिबंध मिळतील तसे वाचत, शब्दकोश शेजारी ठेवून जे उमगले ते येथे मांडतो आहे.

मुळात माकडच का? माणसाच्या हिवतापाचे परजीवी आपला यजमान फार चोखंदळपणे निवडतात. उंदीर, ससा, गिनिपिग यांच्या रक्तात ते वाढत नाहीत. त्यामुळे संशोधकांपुढे दोन वाटा उरल्या. माणसाचा परजीवी ज्याच्या शरीरात तग धरेल असे माकड शोधायचे, किंवा माकडांना निसर्गतः होणारा हिवताप अभ्यासून त्यावरून माणसाविषयी अनुमान काढायचे.

दुसरी वाट कलकत्त्यात सापडली. १९३१-३२च्या सुमारास तिथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये सिंगापूरकडून आलेल्या एका लांबशेपटी माकडाच्या रक्तात एक अनोळखी परजीवी आढळला. ते माकड धडधाकट होते. पण तेच रक्त उत्तर भारतातल्या ऱ्हीसस माकडाला टोचले, तेव्हा ते झपाट्याने आजारी पडून मेले. रॉबर्ट नोल्स आणि बिराज मोहन दासगुप्ता यांनी या परजीवीचा अभ्यास केला आणि तो माणसालाही लागू शकतो हे १९३२मध्ये दाखवले. नोल्स यांच्या नावावरून त्याला ‘प्लास्मोडियम नोलेसी’ म्हणू लागले.

परजीवी एकच, पण एका माकडात तो निमूट राहतो आणि दुसऱ्यात जीव घेतो. म्हणजे रोगाची तीव्रता एकट्या परजीवीवर ठरत नाही, यजमानाचे शरीर त्याला कसे सामोरे जाते यावरही ती ठरते. प्रतिकारशक्तीचा प्रश्न इथे हाताशी आला. नोलेसी दर चोवीस तासांनी लाल पेशी फोडून नवी पिढी बाहेर काढतो, त्यामुळे काय घडते ते चटकन दिसते. १९३७मध्ये कॉगेशॉल आणि कुम यांनी दीर्घकाळ संसर्ग झेलून टिकलेल्या माकडांचा रक्तद्रव दुसऱ्या माकडांना दिला, तेव्हा त्यांना काही प्रमाणात संरक्षण मिळाले. हिवतापाविरुद्धची ताकद रक्तद्रवातून पुढे देता येते, असा त्याचा अर्थ. माणसात तेच १९६१मध्ये दिसले. गँबियातल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडे आजारी मुलांना दिल्यावर त्यांच्या रक्तातले परजीवी घटले.

मग हिवताप पुन्हा पुन्हा का होतो? १९६५मध्ये ब्राउन आणि ब्राउन यांनी रेंगाळलेला संसर्ग असलेल्या ऱ्हीसस माकडांत पाहिले, की परजीवीच्या प्रत्येक नव्या लाटेत संसर्ग झालेल्या पेशीचा बाहेरचा वेश बदललेला असतो. शरीराने जुना वेश ओळखायला शिकावे, तोवर नवा हजर. हिवतापाची लस इतकी अवघड का ठरली, याचे एक मोठे कारण हेच आहे.

यकृताची गोष्टही माकडातच उलगडली. डास चावल्यानंतर आठवडाभर परजीवी जातो कुठे, हे कोडे होते. हेन्री शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८मध्ये दुसऱ्या एका माकड-हिवतापाच्या, सायनोमोल्गीच्या, साह्याने तो ऱ्हीससच्या यकृतात वाढतो हे दाखवले. काही महिन्यांनी उलटणाऱ्या तापामागचा यकृतातला निद्रिस्त परजीवीही १९८०च्या सुमारास याच जोडीत प्रथम दिसला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने उलटणाऱ्या तापावरच्या बुलाक्विन या औषधाची परीक्षाही सायनोमोल्गी झालेल्या ऱ्हीसस माकडांत घेतली.

पहिली वाट, म्हणजे माणसाचाच परजीवी माकडात वाढवणे, १९६६-६७मध्ये मोकळी झाली. मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या डोळ्यांच्या निशाचर माकडात, ‘एओटस’मध्ये, आधी व्हायव्हॅक्स आणि मग फाल्सिपॅरम रुजला. मात्र बरेचदा या माकडांची प्लीहा काढून टाकावी लागे. ज्या अवयवाचा प्रतिकारात मोठा वाटा, तोच काढल्यावर प्रतिकाराविषयी मिळालेले उत्तर जपूनच वाचायला हवे. १९७६मध्ये फाल्सिपॅरम बशीत वाढवता येऊ लागला आणि माकडांवरचा काही भार हलका झाला. व्हायव्हॅक्स मात्र तसा सलग वाढवणे अजून साधलेले नाही.

लशीची कथा पुन्हा नोलेसीपाशी येते. डासातून शरीरात शिरणाऱ्या परजीवीच्या अंगावर एका प्रथिनाचे आवरण असते. त्या प्रथिनाचे जनुक सर्वप्रथम, १९८३मध्ये, वेगळे काढले गेले ते नोलेसीचे. पुढच्याच वर्षी फाल्सिपॅरमचे मिळाले. ऑक्सफर्डमध्ये घडलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर२१ ही लस त्याच प्रथिनाच्या एका भागावर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शिफारस केली. आफ्रिकेतल्या लहान मुलांपर्यंत पोचणाऱ्या त्या कुपीमागे कलकत्त्यातला तो परजीवी आणि कितीतरी मेलेली ऱ्हीसस माकडे आहेत.

ही किंमत नजरेआड करणे मला पटत नाही. भारताने १९७८मध्ये ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली. मान्य केलेल्या कामांऐवजी ती लष्करी प्रयोगांत वापरली जात असल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. माकडांशिवाय काही कळलेच नसते असे म्हणणाऱ्यांशी आणि त्यातून काहीच कळले नाही असे म्हणणाऱ्यांशी, दोघांशीही माझा मतभेद आहे. माकड म्हणजे छोटा माणूस नव्हे. कोणते माकड, कोणता परजीवी आणि कोणता प्रश्न, या तिहींचा मेळ बसला तिथेच प्रयोगाने खरे काही सांगितले. मेळ नसेल, तर जीवही जातो आणि उत्तरही चुकीचे मिळते. प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समित्यांनी हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

आता या विषयाला एक निकड आली आहे. १९६५मध्ये मलेशियाच्या जंगलातून परतलेल्या एका अमेरिकी भूमापकाला नोलेसीचा संसर्ग निसर्गतः झाल्याचे आढळले. तो अपवाद मानला गेला. २००४मध्ये बलबीर सिंग आणि सहकाऱ्यांनी सारावाकमधल्या कापित भागातले २०८ रुग्ण जनुकीय चाचणीने तपासले, तेव्हा १२० जणांत नोलेसी निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली तो माणसाच्या मलेरी या परजीवीसारखा दिसत असल्याने ओळखला जात नव्हता. जंगल तोडून माणूस माकडांच्या जवळ सरकला आहे आणि त्या दोघांना चावणारा डास तिथेच आहे. नोलेसीवर ऐंशी-नव्वद वर्षे जमवलेले ज्ञान आता माणसाच्या हिवतापाची साधी उपमा राहिलेले नाही. सारावाकच्या दवाखान्यात तापाने फणफणलेल्या रुग्णासाठी ते थेट उपयोगी पडते आहे.