भात कमी केला; प्रथिनांचे काय?

पेण तालुक्यातील गडब आणि आसपासच्या गावांत जेवण म्हणजे भात किंवा तांदळाची भाकरी. मधुमेहाचे निदान झाले की ज्येष्ठांच्या ताटातून प्रथम हेच दोन पदार्थ कमी होतात. साखर उतरते, वजन घटते, घरच्यांनाही समाधान वाटते. मात्र घटलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे वजनकाटा सांगत नाही. उतारवयात गमावलेला स्नायू परत मिळवणे कष्टाचे असते. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला, चाल मंदावली, तर त्याकडे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

भात कमी केल्याने आहारातील प्रथिने आपोआप वाढत नाहीत. उलट 100 ग्रॅम तांदळातून मिळणारी सुमारे 7 ग्रॅम प्रथिनेही जातात. ही उणीव जाणीवपूर्वक भरून काढावी लागते.

किती हवीत?

निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये केली. पासष्टीपुढील व्यक्तींसाठी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 1 ते 1.2 ग्रॅम हे प्रमाण सुचवले. आजारपणात ते 1.5 ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. म्हणजे 60 किलो वजनाच्या ज्येष्ठाला रोज 60 ते 72 ग्रॅम प्रथिने हवीत. स्थूल व्यक्तींनी उंचीनुसार योग्य असलेले वजन धरून हिशेब करावा. कर्बोदके कमी केली म्हणून याहून फार अधिक प्रथिने घेण्याचे कारण नाही. उरलेली ऊर्जेची गरज शेंगदाणे, तीळ, खोबरे, तेल यांतून भागते.

ताटातला हिशेब

60 ग्रॅम प्रथिने म्हणजे 60 ग्रॅम डाळ नव्हे. दोन अंड्यांतून 12 ग्रॅम, काटे वगळून 100 ग्रॅम मासळीतून 18 ते 20, 40 ग्रॅम कोरड्या वालांच्या बिरड्यातून सुमारे 9, दूध-दही मिळून 400 मिलिलिटरमधून 13 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 6 ग्रॅम मिळतात. सोबत लहानशी भाकरी असली की बेरीज साठीच्या पुढे जाते. वाल आणि डाळींत कर्बोदकेही असतात, म्हणून त्या दिवशीचा भात त्या मानाने कमी घ्यावा. शाकाहारींना पनीर आणि सोयाबीनच्या वड्यांचा आधार घेता येईल. सुकट, सोडे प्रथिनांनी समृद्ध असले तरी खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ भरपूर असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ती जपून खावी.

श्रावणात मासळी बंद होते आणि उपवासाला साबुदाणा येतो. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच आणि कर्बोदके मात्र भरपूर असतात. त्या दिवशी दूध, दही, पनीर, शेंगदाणे यांची आठवण ठेवावी.

दिवसभराची प्रथिने एकाच जेवणात न घेता प्रत्येक जेवणात 20 ते 30 ग्रॅम येतील, अशी विभागावीत. दोनदाच जेवणाऱ्यांनी तर दोन्ही ताटांकडे विशेष लक्ष द्यावे. दात नसतील तर मुगाचे कढण, मऊ शिजवलेले अंडे, काटे काढून कुस्करलेली मासळी द्यावी. प्रथिनांना हालचालीची जोड हवी. पडण्याची भीती नसल्यास खुर्चीतून उठ-बस करण्याचा साधा व्यायामही उपयोगी पडतो.

आधी डॉक्टरांना विचारावे

मूत्रपिंडाचा विकार असेल तर वरील प्रमाण लागू होत नाही. तेथे प्रथिने बहुधा मर्यादित ठेवावी लागतात. म्हणून आहार बदलण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भात एकदम कमी केला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. काही नव्या गोळ्यांसोबत फार कमी कर्बोदकांचा आहार रक्तातील आम्लता वाढवतो. औषधांची मात्रा आपल्या मनाने बदलू नये.

आपल्या घरातील ज्येष्ठांनी तीन दिवसांत काय आणि किती खाल्ले, हे एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या. साखरेच्या आकड्याइतकीच तीही डॉक्टरांच्या उपयोगाची आहे.