अंतराळवीराची शिदोरी

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला बरोबर शिदोरी बांधून देण्याची आपली जुनी रीत आहे. प्रवास जितका दूरचा, तितकी शिदोरी टिकाऊ हवी. मग जो पृथ्वी सोडून अंतराळात जातो, त्याची शिदोरी कशी असेल? भारतीय अंतराळवीरांच्या शिदोरीची तयारी झाली ती कर्नाटकातील म्हैसूर शहरात.

१९६१ साली म्हैसूर येथे संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. हिमालयातील उंच ठाण्यांवर किंवा वाळवंटात पहारा देणाऱ्या सैनिकांना टिकाऊ व पौष्टिक अन्न पुरवता यावे, हा तिचा मूळ उद्देश होता. ३ एप्रिल १९८४ रोजी वायुदलातील वैमानिक राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात झेपावले. ते पहिले भारतीय अंतराळवीर होत. सुमारे आठ दिवसांच्या या मोहिमेत त्यांच्यासोबत याच प्रयोगशाळेने तयार केलेले भारतीय खाद्यपदार्थ होते.

अंतराळात जेवणे आपल्याला वाटते तितके सोपे नाही. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात सर्व वस्तू वजनरहित होऊन तरंगू लागतात. पोळीचा बारीकसा कण हवेत तरंगत डोळ्यांत किंवा यंत्रात जाऊ शकतो. शरीरातील द्रव डोक्याकडे सरकल्याने नाक चोंदल्यासारखे होते व अन्न बेचव लागते. शिवाय, तेथे अन्नातून विषबाधा झाली, तर दवाखाना गाठता येत नाही. म्हणून अन्न हलके, चुरा न होणारे आणि रोगजंतूंपासून सुरक्षित असावे लागते.

हे साधण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत शिजवलेले अन्न गोठवतात आणि निर्वात जागेत ठेवतात. तेथे त्यातील बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते. अन्न कोरडे व हलके बनते. खाण्यापूर्वी त्यात पाणी मिसळले, की ते पुन्हा मऊ होते. दुसऱ्या पद्धतीत अन्न अनेक पदरी पिशवीत हवाबंद करून, दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आपल्या प्रेशर कुकरमागील तत्त्व हेच आहे. एवढ्या उष्णतेने चिवट जंतूही मरतात आणि अन्न थंड कपाटाशिवाय अनेक महिने टिकते.

राकेश शर्मा यांच्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले. तेथे जाणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या शिदोरीत मूगडाळीचा हलवा आणि आंब्याचा रसही होता. तो त्यांनी परदेशी सहकाऱ्यांनाही दिला. तेथे त्यांनी मूग व मेथीला मोड आणण्याचा प्रयोगही केला. पुढील काळात दीर्घ प्रवासात ताजे अन्न यानातच पिकवता येईल का, याचा शोध घेण्यासाठी असे प्रयोग उपयोगी पडतात.

शुक्ला यांचा जीवनप्रवासही बोधप्रद आहे. १९८५ साली लखनौ येथे जन्मलेले शुक्ला २००६ मध्ये वायुदलात वैमानिक झाले. विमान चालवण्यात पारंगत झाल्यावरही त्यांचे शिक्षण थांबले नाही. अंतराळवीर होण्याच्या प्रशिक्षणाच्या काळात त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान व अंतराळ अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. नोकरी सांभाळून पुन्हा पुस्तक हाती धरणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

यान आकाशात झेपावते, तेव्हा सर्वांचे लक्ष अंतराळवीराकडे जाते. परंतु त्याच्या पोटाची काळजी वाहणारे आचारी, तंत्रज्ञ व शास्त्रज्ञ जमिनीवरच असतात. त्यांच्या कामात थोडी जरी कसूर झाली, तरी अंतराळवीराचा जीव धोक्यात येऊ शकतो. शिदोरी बांधणाऱ्या या हातांचाही त्या झेपेत तेवढाच वाटा आहे.