हिवाळी पहाटेचे दोन सायकलस्वार

डिसेंबर उजाडला की दख्खनच्या पठारावरील पहाट बोचरी होते. पुण्यासारख्या शहरात पारा अकरा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि थंडीची लाट आली तर त्याहूनही खाली जातो. अशा पहाटे पाचच्या सुमारास शहराबाहेर जाणाऱ्या हमरस्त्यावर दोन प्रकारचे सायकलस्वार दृष्टीस पडतात. एकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, अंगावर चकाकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असते, पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा असतो. तो दोनशे किलोमीटरच्या फेरीला निघालेला असतो. दुसऱ्याच्या डोक्याला कानटोपी व गळ्याभोवती मफलर असतो आणि कॅरिअरला जेवणाचा डबा करकचून बांधलेला असतो. त्याच्या सायकलीला दिवा नसतो. तो रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी असतो, पहिल्या पाळीला निघालेला कामगार असतो, किंवा वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन निघालेला विक्रेता असतो.

रस्त्याच्या डाव्या कडेची हातभर पट्टी दोघांनाही सारखीच वाट्याला येते आणि मागून येणारा मालट्रकही त्यांच्यात भेद करीत नाही. समाज मात्र करतो. पहिल्याला तो क्रीडापटू म्हणतो, त्याची छायाचित्रे छापतो. दुसऱ्याला तो गरीब म्हणतो आणि विसरून जातो. सायकलीविषयीचे आपले सारे धोरण या एका गैरसमजावर उभे आहे. सायकल ही एकतर छंदाची वस्तू, नाहीतर नाइलाजाची. दळणवळणाचे साधन म्हणून तिचा हिशेब कोणीच मांडत नाही.

हौसेचा लांब पल्ला

लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचे महाराष्ट्राला वावडे नाही. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेसाठी सायकलींवरून निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटरचा प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. त्या काळी ना गिअरच्या हलक्या सायकली होत्या, ना रस्ते होते.

आज हा छंद पुष्कळ शिस्तबद्ध झाला आहे. पॅरिसमध्ये १९०४ साली स्थापन झालेल्या ओडॅक्स क्लबच्या नियमांनुसार ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेऱ्या भारतातील अनेक शहरांतून आयोजित केल्या जातात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करायचे, अशी त्यांची मर्यादा असते. ही शर्यत नव्हे. कोणी पहिला येत नाही, कोणी दुसरा येत नाही. वेळेत पोचलेले सारे सारखेच. महाराष्ट्रात या फेऱ्यांना हिवाळा विशेष मानवतो. पावसाळ्याचा चिखल सरलेला असतो, उन्हाळ्याचा ताप अद्याप दूर असतो. रात्रीचा गारठा आणि पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामामुळे अंधारातून डुलत चाललेल्या उसाच्या बैलगाड्या, एवढेच काय ते जपावे लागते.

या फेऱ्यांत शिक्षक असतात, बँकेतील कारकून असतात, गृहिणी असतात, सेवानिवृत्त अधिकारीही असतात. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर म्हणजे थांबे धरून ताशी जेमतेम पंधरा किलोमीटर. साधारण प्रकृतीच्या माणसाला सरावाने हे साधते. मग घरापासून आठ किलोमीटरवर असलेली कचेरी सायकलीच्या आवाक्याबाहेर कशी ठरते? त्याच गतीने हे अंतर अर्ध्या तासाच्या थोडे वर जाईल. गर्दीच्या वेळी बसने किंवा मोटारीने याहून फार लवकर पोचता येते, असे शहरातील नोकरदार छातीठोकपणे सांगू शकणार नाही. अंतर हे सायकल सोडण्याचे खरे कारण नव्हे, एवढे तरी हा छंद सिद्ध करतो.

गरजेचा छोटा पल्ला

छंदिष्टांची संख्या काही हजारांत मोजावी लागेल. गरजवंतांची संख्या मात्र कोटींत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील जवळजवळ ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती; स्कूटर, मोटारसायकल वा मोपेड २१ टक्के कुटुंबांकडे होती आणि मोटार पाच टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. शेती व घरगुती उद्योग सोडून अन्य कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलीने जात होते, म्हणजे अडीच कोटींहून अधिक माणसे. त्यानंतर हे प्रमाण बदलले असेल. पण सायकल रस्त्यावरून नाहीशी झाली आहे असे मानण्यास आधार नाही. ती सत्ताधाऱ्यांच्या व नियोजनकारांच्या डोळ्यांपुढून मात्र नाहीशी झाली आहे.

या माणसांना सायकल काय देते, हे साध्या भूमितीने समजते. पायी चालणारा अर्ध्या तासात अडीच किलोमीटर जातो, सायकलस्वार साडेसात. त्रिज्या तिप्पट झाली की वर्तुळाचे क्षेत्र नऊपट होते. म्हणजे घरापासून अर्ध्या तासाच्या आत येणारी दुकाने, कारखाने, शाळा, दवाखाने यांची संख्या, ती सारखी विखुरलेली असतील तर, नऊपट होते. मजुराला सौदा करण्याची शक्ती येते ती येथून. ज्याला एकाच मुकादमाच्या दारी जाता येते त्याला मिळेल ती मजुरी घ्यावी लागते. ज्याला नऊ दारे खुली आहेत तो एखाद्या दाराला नकार देऊ शकतो.

हा केवळ कागदी तर्क नव्हे. बिहार सरकारने २००६ साली नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम सर्वांत ठळक होता. नवी शाळा बांधली नाही, नवा शिक्षक नेमला नाही. फक्त अंतर जवळ आणले.

शहरातील हिशेबही पाहण्याजोगा आहे. रोज जाऊन-येऊन सोळा किलोमीटर आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर चारशे किलोमीटर होतात. लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी मोटारसायकल आठ लिटर पेट्रोल पिते. लिटरला शंभर रुपये धरले तरी आठशे रुपये झाले. शिवाय कर्जाचा हप्ता, विमा, दुरुस्ती वेगळीच. महिना पंधरा हजारांवर राबणाऱ्या पहारेकऱ्याच्या दृष्टीने हे आठशे रुपये म्हणजे वेतनाचा सुमारे विसावा हिस्सा, मुलाच्या शिकवणीचे शुल्क किंवा म्हाताऱ्या आईची औषधे होत.

थंडी अडवीत नाही, रस्ता अडवतो

थंडीचे कारण पुढे करणाऱ्यांनी फिनलंडमधील औलू या शहराकडे पाहावे. ध्रुववृत्ताच्या दक्षिणेस फार अंतरावर नसलेल्या, दोन लाखांवर वस्तीच्या या शहरात जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली दहा अंशांच्या आसपास असते. तरीही तेथे विद्यार्थी व नोकरदार बर्फातून सायकलीने ये-जा करतात. हिवाळी सायकलप्रवासाचा विचार करणारी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तेथेच भरली. औलूचे लोक काही वेगळ्या हाडामांसाचे नाहीत. तेथील नगरपालिका सायकलमार्गांवरील बर्फ सकाळच्या वर्दळीआधी हटवते, चाक घसरू नये म्हणून खडी पसरते, मार्गावर दिवे लावते आणि मोठ्या रस्त्यांखालून सायकलींसाठी बोगदे काढते. कोपनहेगनमध्येही बर्फ पडल्यावर सायकलमार्ग अग्रक्रमाने साफ केले जातात. डेन्मार्क व नेदरलँड्स हे देश जन्मत:च सायकलप्रेमी होते असेही नाही. १९७३ च्या तेलसंकटात तेथे रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. रिकाम्या रस्त्यांवर लोकांना जे दिसले, त्यातून पुढच्या दशकांतील धोरण घडत गेले.

आपल्याकडे हवा अनुकूल आणि व्यवस्था प्रतिकूल, असा उलटा प्रकार आहे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्यांच्या भोंग्यांबरोबर सायकलींचे लोंढे रस्त्यावर येत. महाविद्यालयांतून सायकलींसाठी स्वतंत्र स्टँड असत. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती. रात्री दिव्याविना किंवा डबलसीट जाणाऱ्याला पोलीस अडवीत. सायकलस्वाराला त्या काळी नियम होते, कारण रस्त्यावर त्याला स्थान होते.

पुढे स्वयंचलित दुचाकींची संख्या वाढली आणि शहर चहूबाजूंनी पसरले. नाही म्हणायला प्रयत्न झाले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पादचारी व सायकलस्वार यांना महत्त्व दिले. पुण्यात सायकलमार्ग बांधले गेले. २०१७ साली आठशेहून अधिक किलोमीटरच्या मार्गांचा आराखडा तयार झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या सामायिक सायकलीही आल्या आणि काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या. बांधलेले मार्ग कोठे विजेच्या खांबाशी संपतात, कोठे फेरीवाल्यांच्या गाड्यांनी व उभ्या मोटारींनी व्यापतात, आणि चौकात, म्हणजे जेथे धोका सर्वांत अधिक तेथेच, नेमके नाहीसे होतात. तुटक मार्गांची बेरीज कितीही किलोमीटर भरली तरी त्यातून एक सलग प्रवास होत नाही, हे कंत्राटाच्या हिशेबात बसत नसावे.

न मोजलेला लाभ

असे का होते? याचे एक उत्तर अर्थशास्त्राच्या मोजमापातच दडलेले आहे. मोटार चालवणारा पेट्रोल घेतो, विमा उतरवतो, वाहनतळाचे भाडे देतो. प्रत्येक खर्च राष्ट्रीय उत्पन्नात जमा होतो. सायकलस्वार यांतले काहीच घेत नाही, म्हणून त्याचा प्रवास जणू झालाच नाही असे हिशेबवह्या सांगतात. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. जो ते जाळत नाही, हवा बिघडवत नाही, रस्ता झिजवत नाही, त्याने वाचवलेले परकीय चलन कोणत्याही अंदाजपत्रकात त्याच्या नावे मांडले जात नाही.

ईव्हान इलिच या विचारवंताने १९७४ साली एक मार्मिक हिशेब मांडला होता. मोटारीत बसण्यात आणि तिच्यासाठी पैसे मिळवण्यात सरासरी अमेरिकन पुरुष वर्षाला सोळाशे तास घालवतो आणि तेवढ्यात साडेसात हजार मैल जातो. म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी पडतो! हा हिशेब कोणी अतिरेकी म्हणेल. पण वाहनाचा वेग मोजताना त्यासाठी राबलेले तासही धरले पाहिजेत, हा त्यातील मुद्दा खोडून काढणे सोपे नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. गरिबाला मोटारसायकल हवी असते; त्याने सायकलच चालवावी असे सुखवस्तूंनी सांगणे हा ढोंगीपणा नव्हे काय? नि:संशय आहे. कोणीही पर्यावरणाचे ओझे नेमके गरिबाच्या पायांवर टाकू नये. परंतु मनुष्य सायकल सोडतो ती नेहमी हौसेनेच सोडतो काय? मागून येणाऱ्या ट्रकच्या भीतीने आई आपल्या मुलीला सायकल देत नाही आणि कर्ज काढून स्कूटर घेते, तेव्हा तिने आवडीने निवड केली असे म्हणता येणार नाही. सुरक्षित रस्ता असूनही जो मोटारसायकल घेईल त्याने ती खुशाल घ्यावी.

अल्प खर्चाचे उपाय

सायकलवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे योग्यच झाले. परंतु कर उतरल्याने रस्ता सुरक्षित होत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दरवर्षीच्या या बळींत सायकलस्वारांची संख्या काही हजार असते. गंगेच्या खोऱ्यात दाट धुके उतरते तेव्हा दिव्याविना जाणारा सायकलस्वार ट्रकचालकाला दिसतो तो अगदी शेवटच्या क्षणी.

येथेच हौशी सायकलस्वाराचा धडा उपयोगी पडतो. ब्रेव्हेमध्ये रात्री पुढचा-मागचा दिवा आणि चकाकणारे जाकीट यांविना कोणालाही रस्त्यावर येऊ देत नाहीत. स्वेच्छेने धोका पत्करणाऱ्याची एवढी काळजी घेतली जाते. मग पोटासाठी रोज तोच धोका पत्करणाऱ्याची का घेऊ नये? नव्या सायकलींवरील परावर्तकांच्या दर्जासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेश काढला. पण रस्त्यावर धावणाऱ्या सायकली बहुतांशी जुन्या आहेत. कारखाने, साखर कारखाने, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्था व नगरपालिका यांनी आपल्या सायकलीने येणाऱ्या कामगारांना दिवाळीनंतर एकदा परावर्तक पट्ट्या व मागचा दिवा द्यावा. भेटवस्तूंच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य ठरेल. ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांनाही तोच नियम लागू करावा. महानगरपालिकांनी नवे मार्ग जाहीर करण्याआधी असलेल्या मार्गांचे तुटलेले दुवे चौकांपाशी जोडावेत. सरकारी कचेऱ्या, शाळा व रेल्वेस्थानके यांत सायकलींसाठी छप्पर असलेली, राखणीची जागा असावी. आणि वाहनांची गणती पहाटे पाचपासून करावी, कारण रस्त्याच्या रुंदीकरणाचे निर्णय ज्या आकड्यांवरून होतात त्यांत पहाटेचा कामगार बहुधा धरलेलाच नसतो.

दोनशे किलोमीटरची फेरी पुरी करून परतणाऱ्याला घरी गरम चहा मिळेल आणि चार मित्र त्याची पाठ थोपटतील. त्याचे कौतुक व्हावेच. परंतु त्याच रस्त्यावरून डबा बांधून गेलेला दुसरा सायकलस्वार उद्याही जाणार आहे, परवाही जाणार आहे. वर्षाच्या तीनशे दिवसांत त्याचे जवळजवळ पाच हजार किलोमीटर भरतात. त्याच्या मागच्या मडगार्डवर एक तांबडी पट्टी चिकटवण्याइतकी कळकळ समाजाने दाखवली, तरी या हिवाळ्यात काही घरांतील माणसे सुखरूप परततील.