संसार फ्रान्समध्ये? मग कागद जपा

लेकीचं फ्रेंच मुलाशी लग्न ठरलं की घरात चर्चा रंगते ती व्हिसाची, थंडीची आणि दागिन्यांची. पण ते दागिने तिचेच आहेत हे तिथे कसं सिद्ध करायचं, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणाला सुचतो.

जे कमावलं ते दोघांचं

आपल्याकडे गोवा सोडला तर लग्नामुळे नवराबायकोची मालमत्ता आपोआप एक होत नाही. फ्रान्समध्ये मात्र वेगळा करार केलेला नसेल, तर लग्नानंतरचा पगार आणि त्यातून घेतलेलं घर दोघांचं ठरतं, कागदावर नाव कुणाचंही असो. २९ जानेवारी २०१९ पासून झालेल्या लग्नांत करार नसेल, तर साधारणपणे जोडप्याने लग्नानंतरचा पहिला संसार ज्या देशात थाटला, तिथला नियम फ्रान्समध्ये लागू होतो. लग्न पुण्यात झालं, तरी संसार पॅरिसला सुरू झाला की हा नियम तुमच्या लेकीलाही लागू होऊ शकतो.

लग्नाआधीचं, वारशाने आलेलं किंवा भेट मिळालेलं मात्र ज्याचं त्याचंच राहतं. मेख पुढे आहे. एखादी वस्तू स्वतःची असल्याचा पुरावा देता आला नाही, तर कायदा ती दोघांची मानतो. म्हणून आईने दिलेल्या पाटल्यांची पावती, लग्नाआधीचं बँकेचं स्टेटमेंट, भेट दिल्याचा लेखी कागद हे सगळं जपून ठेवा.

तोंडी व्यवहार नको

१५०० युरोंपेक्षा मोठ्या व्यवहाराला तिथे साधारणपणे लेखी पुरावा लागतो. जवळच्या नात्यात कोर्ट सवलत देऊ शकतं, पण तिच्यावर विसंबून राहू नका. घरासाठी जावयाला पैसे देताना ते उसने आहेत की भेट, आणि भेट असेल तर कुणाला, हे लिहून घ्या. त्याने नातं तुटत नाही, उलट पुढचे गैरसमज टळतात.

एक दिलासाही आहे. राहतं घर एकट्या नवऱ्याच्या मालकीचं असलं, तरी बायकोच्या संमतीशिवाय तो ते विकू शकत नाही.

नागरिकत्वालाही पुरावा

लग्नाला ४ वर्षं झाली की फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. लग्नानंतर फ्रान्समध्ये सलग ३ वर्षं राहिलं नसल्यास सहसा ५ वर्षं लागतात. फ्रेंच भाषा यायला हवी आणि खरोखर एकत्र नांदत असल्याचे पुरावे हवेत : संयुक्त बँक खातं, भाडेकरार, कराचे कागद. मात्र भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. फ्रेंच नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही.

आधी काय कराल?

मालमत्ता वेगवेगळी ठेवायची असेल, तर लग्नाआधीच फ्रान्समधल्या नोटरीकडे करार करा. लेकीला न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू देऊ नका, आधी भाषांतर मागा. रुखवताच्या यादीत एक फाइलही ठेवा. वेळ आली तर लेकीच्या बाजूने बोलणार आहेत ते तिच्यातलेच कागद.